दुसरी क्लच वायर

मोटरसायकल घराच्या दारात बंद पडली तर त्याला कुणी बिघाड म्हणत नाही. शेजारी येऊन दोन किका मारून बघतात, चहा होतो आणि माणूस बसने कामाला जातो. खरा बिघाड गावापासून लांब होतो. सावली नसते, मेकॅनिक नसतो आणि पुढचं गाव किती लांब आहे हे सांगायलाही कुणी नसतं. अशा वेळी सीटखालून काढून रस्त्यावर अंथरायची एक थैली मी शिवत होते आणि भरत होते. बरीच वर्षं हेच माझं काम होतं.

बरकतपुऱ्यातल्या आपल्या मराठी मंडळींना मी ‘शिवणाच्या कमलताई’ म्हणून माहीत आहे. मंडळाचे कार्यकर्ते दिवाळी अंकासाठी लिहा असं सांगायला आले तेव्हा मी विचारलं, “कशावर लिहू? ब्लाउजच्या गळ्यांवर?” तर म्हणे, “हो, चालेल.” तेव्हा मनाशी ठरवलं की दुकानावरच लिहायचं.

माझे यजमान यशवंतराव एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये होते. कुठला नट कुठल्या खणात आहे हे डोळे मिटून सांगणारा माणूस. नव्वदीनंतर देशाची दारं उघडली असं पेपरात रोज छापून येत होतं आणि त्याच काळात ह्यांच्या कारखान्याचं दार बंद झालं. आम्ही मूळचे नांदेडकडचे. सासरे रेल्वेत लागले म्हणून घर हैदराबादला आलं होतं. परत जायला तिकडं काही उरलं नव्हतं. ह्यांनी गौलीगुड्यात एक लहानसं शटर भाड्याने घेतलं आणि मोटरसायकलच्या सुट्या भागांचं दुकान मांडलं. मी घरची शिलाई मशीन उचलून दुकानातच आणून ठेवली. घरी एकटी बसून फॉल-पिको करण्यापेक्षा ते बरं होतं.

तो काळच मोटरसायकलींचा होता. जपानी मेळाच्या शंभर सीसीच्या गाड्या नुकत्याच गल्लोगल्ली दिसायला लागल्या होत्या. टीव्हीवर शांपूच्या पुड्यांच्या जाहिराती येत, पण ती पुडी खेड्यातल्या दुकानात आपोआप थोडीच पोचते? ती पोचवायला माणूस लागतो आणि त्या माणसाखाली मोटरसायकल लागते. बियाणंवाले, औषधवाले, बिस्किटवाले, हप्ते गोळा करणारे, सगळे सकाळी हैदराबादेतून निघून मेदक, नलगोंडा, महबूबनगरच्या रस्त्यांना लागत. त्यातले किती जण संध्याकाळी गाडी ट्रॅक्टरमध्ये घालून परत येत, ते आमच्या दुकानात कळे.

थैलीची सुरुवात अशाच एका बियाणं विकणाऱ्यामुळे झाली. तो फार वैतागून आला होता. सगळी हत्यारं आणि जादा ट्यूब एका प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून तो गाडीला बांधत असे. रस्त्यात पंक्चर झालं, ह्याने ऐटीत जादा ट्यूब काढली, तर तिलाही भोक. पाने, पक्कड, स्क्रूड्रायव्हर वाटभर तिच्यावर आपटून आपटून त्यांनीच ती फाडली होती.

“बाई, ही कसली मदत! सोबत घेतलेल्यांनीच घात केला,” तो म्हणाला.

मी त्याची पिशवी गल्ल्यासमोर उपडी केली. मग ताडपत्रीचा एक लांबट तुकडा कापला, त्याला स्वयंपाकघरातल्या डाव-पळ्यांच्या फडताळासारखे उभे कप्पे शिवले आणि एकेक हत्यार एकेका कप्प्यात खोचलं. ट्यूबला टाल्कम पावडर लावून ती जुन्या धोतराच्या फडक्यात वेगळी गुंडाळली. सगळ्याची वळकटी केली आणि नाडीने बांधली. तो घेऊन गेला. मग त्याच्या कंपनीतले बाकीचे आले.

बाहेरच्या माणसाला वाटतं, हत्यारं भरणं म्हणजे काय, टाकली पिशवीत. तसं नाही. माणूस रस्त्यात अडकतो तेव्हा घाबरलेला असतो, घामाने हात ओले असतात आणि डोकं चालत नाही. म्हणून जे आधी लागणार ते आधी हाताला आलं पाहिजे. गाडी बंद पडली की दहातल्या सात-आठ वेळा दुखणं प्लगचं असतं, म्हणून वळकटी उलगडताच पहिल्या कप्प्यात प्लगचा पाना, नवा प्लग आणि पॉलिश पेपरचा तुकडा. मग क्लचची वायर, एक्सलेटरची वायर, चेनचं लॉक, फ्यूज. कार्बोरेटरच्या बारीक भोकात कचरा अडकतो, तो काढायला एक केसाएवढी तार. सगळ्यात शेवटी पंक्चरचं सामान, कारण ते काढायला बसलो म्हणजे बूड टेकायचंच आहे, तिथे घाई नाही. आणि प्रत्येक थैलीत कपडे धुण्याच्या साबणाचा एक तुकडा. पेट्रोलची टाकी ठिबकायला लागली तर त्या जागी साबण घासून दाबून बसवायचा, गावापर्यंत टिकतो. शिवाय हात धुवायलाही होतो.

हे शहाणपण माझं नव्हे. आमच्या शटरला लागून ख्वाजाभाईंचं गॅरेज होतं. दुरुस्तीतलं जे काही मला येतं ते त्यांनी शिकवलेलं. ते बोलत कमी आणि कुरकुरत जास्त. मी एकदा थैलीत चांगला महागातला मोठा पाना घातला, तर म्हणाले, “भाभी, ये नक्को. इत्ता बडा पाना देखके आदमी पूरा इंजिन खोलता. फिर बांधना किसकू आता?” रस्त्यात काय खोलायचं नाही, हेही थैलीने शिकवावं लागतं, ही गोष्ट मला तेव्हा कळली.

गिऱ्हाइकंही एकेक असत. नरसिंग नावाचा एक जण दोन गावांच्या टॉकीजमधून सिनेमाची रिळं पळवी. एकच प्रिंट, दोन थिएटरं. इकडे पहिलं रीळ संपलं की तो ते तिकडे घेऊन जाई, तोवर इकडे दुसरं चालू. त्याची गाडी बंद पडली की तिकडे हिरो लढाईला उभा आणि पुढचं रीळ नाही. लोक खुर्च्या तोडायचे. त्याने मला सांगून ठेवलं होतं, “अक्का, मला असं सामान दे की गाणं संपायच्या आत गाडी सुरू झाली पाहिजे.” आणि एक सासरेबुवा होते, त्यांनी जावयाला लग्नात मोटरसायकल दिली आणि सोबत माझी थैली. तिच्यावर हळदकुंकू वाहिलं होतं. हळूच म्हणाले, “गाडी पोरासाठी घेतली हो. थैली माझ्या मुलीसाठी आहे. तिच्यावर उन्हात उभं राहायची पाळी नको.”

पण मला सांगायची आहे ती विजयाची गोष्ट.

विजया पहिल्यांदा दुकानात आली ती नवऱ्याची मोटरसायकल हाताने ढकलत. तेलुगू बाई, तिशीच्या आत-बाहेरची, साडीचा पदर कमरेला घट्ट खोचलेला. तिचा नवरा रामुलू कोंबडीपालनवाल्यांना लशी पोचवायचा आणि टोचूनही द्यायचा. त्या दिवसांत शहराच्या चहूबाजूंनी कोंबड्यांच्या शेड उभ्या राहत होत्या. ज्याच्याकडे कोरडवाहू तुकडा, तो शेड बांधी. रामुलूचं बरं चाललं होतं. मग त्याला एका लॉरीने उडवलं. जीव वाचला, पण कमरेचं हाड असं मोडलं की गाडीवर टांग टाकणं कायमचं गेलं. घरात दोन लहान मुली.

“मोटरसायकल विकायची आहे का?” ह्यांनी विचारलं.

“विकायची नाही. चालवायची आहे,” ती म्हणाली. “दीर विकू म्हणतो. मी म्हटलं, गिऱ्हाइकं ओळखीची आहेत, लस कशी द्यायची ते मला येतं, शिकायची राहिली आहे ती गाडीच.”

तेव्हा बायका लूना चालवत, फार तर स्कूटर. साडी नेसून मोटरसायकलवर खेडोपाडी फिरणारी बाई मी तरी पाहिली नव्हती. ख्वाजाभाई गॅरेजमधून मान बाहेर काढून बघत होते. मला वाटलं, आता काहीतरी तिरकस बोलणार. ते आले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, “बेटी, चलाना तो मैं सिखा दूंगा. लेकिन अकेली जाएगी तो खोलना भी आना.” तिला चालवायला त्यांनी शिकवलं. महिनाभरात ती घट्ट बाह्यांचा सलवार-कमीज घालून गाडीवर स्वार होऊन यायला लागली. साडी तिने स्वतःच सोडली. दिराने त्यावरूनही घर डोक्यावर घेतलं, असं ती हसत सांगे.

तिची थैली भरताना मी म्हटलं, नुसती भरून द्यायची नाही, तिने ती इथे वापरून दाखवायची. दुकानासमोर रस्त्यात गाडी उभी केली. मागचं चाक काढायला सांगितलं. ती बसली, पाना लावला आणि जोर केला. एक्सलचा नट हलेना. गॅरेजवाले तो आपल्या ताकदीने आवळतात ना! ती पान्यावर पाय देऊन उभी राहिली, तरी नाही. मी जोर लावून बघितला, माझ्याच्याने तर तो कुरकुरलाही नाही. बघ्यांची गर्दी जमली. कुणीतरी म्हणालं, “छोडो अम्मा, मैं खोल देता.” विजयाने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला म्हणाली, “हा तिकडे येणार आहे का माझ्याबरोबर?”

शेवटी ह्यांनी दुकानातून लोखंडी पाईपचा एक तुकडा आणला आणि पान्याच्या दांडीवर चढवला. दांडी लांब झाली. विजयाने एका हाताने खाली दाबलं आणि नट कटकन सुटला. बघ्यांतल्या एका म्हाताऱ्याने टाळी वाजवली. त्या दिवसापासून माझ्या सगळ्या थैल्यांत पाईपचा तुकडा गेला. पुढे कळलं की पुरुष गिऱ्हाइकांनाही त्याचीच गरज होती, फक्त त्यांतला कुणी तसं बोलत नव्हता.

विजयाचं बरं चाललं. सुरुवातीला शेडवाले दाराशी येऊन विचारत, “रामुलू कुठाय?” ती म्हणे, “घरी आहे. लस माझ्याकडे आहे.” हळूहळू ते विचारणं बंद झालं. गाडीच्या मागे थर्माकोलचा डबा, त्यात बर्फ आणि बर्फात लशीच्या छोट्या बाटल्या. लस थंड राहिली तर लस, गरम झाली की पाणी. त्यामुळे तिच्यासाठी बिघाड म्हणजे बाकीच्यांसारखा नुसता उशीर नव्हता. बाकीच्यांची बिस्किटं उन्हात उभी राहिली तरी बिस्किटंच राहतात.

मग एका उन्हाळ्यात मानमोडी आली. कोंबड्यांचा हा रोग मोठा वाईट. माना वाकड्या होतात, एका शेडमधून दुसरीत जातो आणि शेडच्या शेड बसतात. सिद्दिपेटच्या रस्त्याला एका गावात तो शिरला होता. त्याच्या शेजारच्या गावी यादगिरी नावाच्या शेतकऱ्याच्या तीन शेड होत्या, पिल्लं नुकतीच आणलेली. त्याचा निरोप येताच विजया लस घेऊन निघाली. निघताना दुकानासमोरून गेली तेव्हा मला हात केला. क्लचचा दांडा जरा जड लागतोय, परत आल्यावर वायर बघू, असं ओरडून म्हणाली. मी म्हटलं, “थैलीत नवी आहे!”

क्लचची वायर म्हणजे बारीक तारांची वेणी. तिच्या टोकाला शिशाचा मणी असतो आणि त्या मण्यापाशी ती एकेक तार करत तुटत जाते. दांडा जड झाला की समजायचं, आत दोन-चार तारा गेल्या. पण त्या अवस्थेतही ती आठवडा काढते, कधी तासाभरात जाते. तिचा भरवसा नाही.

पुढचं सगळं विजयानेच मला सांगितलं, दुसऱ्या दिवशी, दुकानातल्या स्टुलावर बसून.

शामीरपेट मागे पडलं आणि मोकळं रान लागलं. तिथे रस्त्याच्या कडेला एक जोडपं उभं होतं. मोटरसायकल हिच्यासारखीच. बाईच्या कडेवर तान्हं लेकरू, तिने पदराचा आडोसा करून त्याच्या डोक्यावर धरलेला. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. विजया थांबली. त्यांची क्लचची वायर तुटली होती. बऱ्याच वेळापासून ते उभे होते, एक लॉरी न थांबता गेली होती. लेकरू रडून रडून गप्प झालं होतं.

“रडत असतं तर मी कदाचित पुढे गेले असते अक्का,” विजया म्हणाली. “ते गप्प होतं, त्याची मला भीती वाटली.”

तिच्याजवळ वायर एकच होती आणि तिला ठाऊक होतं की आपलीही जाणार आहे. पहिल्यांदा तिने त्या माणसाला सांगून पाहिलं की क्लचशिवाय गाडी कशी न्यायची. ते ख्वाजाभाईंनी तिला शिकवलं होतं. न्यूट्रलमध्ये गाडी सुरू करायची, धावत ढकलायची, वेग आला की उडी मारून बसत पहिला गियर घालायचा. गाडी गचका देते आणि निघते. मग थांबायचं नाही. तो माणूस ऐकत होता आणि बायकोकडे बघत होता. विजयाच्याही लक्षात आलं की मागे बाळंतीण आणि लेकरू बसवून धावत गाडी ढकलता येत नाही.

“मी एकटी होते,” ती मला म्हणाली. “मला धावता येत होतं.”

तिने थैली उलगडली आणि आपली वायर त्यांच्या गाडीला घालून दिली. पाण्याची बाटली त्या बाईला दिली. डब्यातल्या बर्फाचा एक तुकडा फडक्यात बांधून लेकराच्या कपाळाला लावायला दिला. ते हैदराबादेकडे गेले, ही सिद्दिपेटकडे.

तिची वायर पुढच्या चढालाच तुटली.

क्लचशिवाय जायची विद्या तिला येत होती, पण ख्वाजाभाईंनी ती सपाट रस्त्यावर, रिकाम्या गाडीवर शिकवली होती. इथे चढ होता आणि मागे बर्फाचा जड डबा. पहिल्यांदा ढकलली, गचका बसला, गाडी बंद. दुसऱ्यांदा गियर पडला, पण उडी चुकली आणि ती गाडीसकट आडवी झाली. गुडघा फुटला, डब्याचं झाकण उडालं. बर्फाचे तुकडे डांबरावर पडले आणि बघता बघता दिसेनासे झाले. उरलेलं तिने ओंजळीने भरलं, झाकण थैलीच्या नाडीने करकचून बांधलं, गाडी वळवून उताराला लावली, उतारावर सुरू केली आणि खालून वळून चढ एका दमात काढला. मग यादगिरीच्या शेडपर्यंत ती कुठेही थांबली नाही. वाटेत बकऱ्यांचा कळप आडवा आला तर रस्ता सोडून शेतातून काढली.

पोचली तेव्हा डब्यात बर्फ नव्हता. तळाच्या बाटल्या गार पाण्यात होत्या. वरच्या बाटल्या हाताला कोमट लागल्या. तळाच्या बाटल्यांची लस तिने आणि यादगिरीने मिळून दोन शेडमधल्या पिल्लांना दिली, एकेका पिल्लाच्या डोळ्यात थेंब टाकत. तिसऱ्या शेडला उरल्या त्या वरच्या कोमट बाटल्या. यादगिरी म्हणाला, “टाक त्याच. काहीच नाही त्यापेक्षा बरं.”

विजयाने त्या बाटल्या त्याच्या देखत जमिनीत ओतल्या. “मेलेली लस दिली तर तू निवांत झोपशील,” ती त्याला म्हणाली. “उद्या सकाळी ताजी आणते. तोवर या शेडमध्ये कुणाला पाय ठेवू देऊ नको.”

दुसऱ्या दिवशी तिने नवी वायर घालून लस नेली, दिली. पण तिसऱ्या शेडमध्ये मानमोडी शिरलीच. निम्म्याहून जास्त पिल्लं गेली. आता, तो रोग आधीच आत आला असेल, आदल्या दिवशी लस दिली असती तरी ती लागू पडायला दिवस जावे लागतात, हे सगळं खरं. कुणी सांगावं! पण ज्याच्या डोळ्यांसमोर पिल्लं माना मुरगाळून पडतात त्याला हे कोण सांगणार? वाटेत वायर देण्याची गोष्ट विजयाने स्वतःच त्याला सांगितली होती, लपवली नव्हती. त्याने ती चार लोकांत बोलून दाखवली: “बाईने दुसऱ्याच्या लेकरावर दया केली आणि माझी शेड बसवली.” मग त्याने लस दुसऱ्याकडून घ्यायला सुरुवात केली. आणखी दोघा-तिघांनीही तसंच केलं. घरी दिराला हातात कोलीत मिळालं. आणि रामुलू, जो आजवर तिच्या बाजूने होता, तोही म्हणाला, “धंद्याची वायर होती ती. तुझी नव्हती.”

हे सगळं घडून गेल्यावर ती पुन्हा दुकानात आली. गुडघ्याची खपली अजून गेली नव्हती. माझ्या मशीनशेजारच्या स्टुलावर बसली. मग विचारलं, “अक्का, माझं चुकलं का?”

मी मशीन थांबवली. चुकलं म्हणावं तर ते गप्प झालेलं लेकरू डोळ्यांसमोर येई, आणि नाही म्हणावं तर यादगिरीने काय पाप केलं होतं? ख्वाजाभाई दारात हात पुसत उभे होते. एरवी त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीला शेरा असे. त्या दिवशी ते सरळ गाडीकडे गेले आणि न सांगता तिचा पडताना वाकलेला क्लचचा दांडा सरळ करायला बसले.

मी विजयाची थैली ओढून घेतली, शिवण उसवली आणि क्लच वायरच्या कप्प्याशेजारी आणखी एक कप्पा शिवला. त्यात दुसरी वायर ठेवली. “ही तुझी,” मी म्हटलं, “आणि ही वाटेवर जो भेटेल त्याची. पुन्हा तुला निवड करायला लागू नये.”

ती कप्प्यावरून बोट फिरवत म्हणाली, “आणि दोघं भेटले तर?”

त्यावर आम्ही दोघी हसलो. तिचे डोळे मात्र भरलेले होते.

त्यानंतर मी प्रत्येक थैलीत दुसरी वायर घालू लागले. आमचे हे हिशेबी माणूस, पण याबाबतीत त्यांनी कधी हूं की चूं केलं नाही. काही गिऱ्हाइकं म्हणत, “दुसरी काढून टाका, मला कशाला?” त्यांना मी काढून देत असे. जबरदस्तीची दया काय कामाची! पण बहुतेक जण राहू देत. आणि माझा अनुभव असा की ती दुसरी वायर बहुतेकदा खरोखरच दुसऱ्याला जाई. नरसिंगसारखा घाईतला माणूसही एकदा देऊन आला आणि मग नवी घ्यायला आला तेव्हा जरा लाजत होता.

विजयाला तुटलेली गिऱ्हाइकं जोडायला वेळ लागला. ती नव्या गावांना जाऊ लागली, आणखी लांब. यादगिरी दोन वर्षांनी परत आला. माफी वगैरे कुणी मागितली नाही. त्याने फक्त एवढंच म्हटलं म्हणे, की तो दुसरा माणूस कोमट बाटल्या ओतून टाकत नाही. विजयाने त्याला लस दिली. त्या दोघांचं पुन्हा मोकळं बोलणं मात्र कधी झालं नाही, आणि ते मी समजू शकते.

पुढे धंदा बदलला. लोकांच्या खिशात मोबाईल आले. गाडी बंद पडली की माणूस थैली न उलगडता फोन लावतो आणि झाडाखाली बसतो. गाड्याही सुधारल्या, मालकाने हात घालावा असं त्यांत काही उरलं नाही. हे चांगलंच झालं, असं मी मनापासून म्हणते. कुणाचं लेकरू उन्हात राहू नये यासाठीच तर थैली होती. तरी रिकाम्या दुकानात बसल्यावर कधी कधी वाटे, मदत मिळणं सोपं झालं, पण थांबणारी माणसं कमी झाली. हे वयाचंही बोलणं असेल.

विजयाने पुढे तीनचाकी टेम्पो घेतला, आत लशीसाठी शीतपेटी बसवली. मोटरसायकल ती विकणार होती. विकण्याआधी एका रविवारी सकाळी ती गौलीगुड्यात आली. बाजार बंद, शटर उतरलेली, रस्ता रिकामा. आम्ही दोघं दुकान झाडायला म्हणून गेलो होतो. बोलता बोलता तिने सहज विचारलं, “अक्का, तुम्हाला चौथ्या गियरला ही गाडी कशी आवाज करते ते आवडतं की नाही?”

मी म्हटलं, “मला काय माहीत?”

“म्हणजे?”

“मी कधी चालवलीच नाही. ह्यांच्या मागे बसले असेन, लग्नाकार्याला.”

ती माझ्याकडे बघतच राहिली. खरं म्हणजे मीही. मोटरसायकल कुठे तुटते, कुठे गळते, कुठे अडते हे मला पाठ होतं. पण ती चालते तेव्हा काय होतं, याची मला कल्पनाच नव्हती.

“बसा,” विजया म्हणाली.

“वेडी का काय! या वयात? साडीत?”

“मी साडीतच आले होते तुमच्या दारात.”

ह्यांच्याकडे बघितलं. वाटलं, नको म्हणतील. त्यांनी हातातला झाडू भिंतीला टेकवला आणि रस्त्यात पडलेली दोन खोकी उचलून बाजूला केली.

मी पदर खोचला आणि बसले. विजया शेजारी चालत होती, हँडलवर एक हात ठेवून. “क्लच दाबा. पहिला टाका. आता हळू सोडा, हळू.” मी सोडला, गाडीने हिसका दिला आणि बंद पडली. पुन्हा किक. पुन्हा बंद. तिसऱ्यांदा क्लच सोडताना मला हातात ती जागा कळली, जिथे इंजिन चाकाला पकडतं. गाडी निघाली. विजया आधी चालत होती, मग धावायला लागली, मग तिचा हात सुटला.

“दुसरा टाका अक्का!” ती मागून ओरडली.

मी दुसरा टाकला.